गॅस खाली आहे

लग्न होऊन सांगलीहून हैदराबादला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात रांगायला लावलं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "नीला, तेलाचा डबा खाली आहे गं." मी नवी सून, सांगितलेलं ऐकणारी. ओट्याखाली वाकले, मग गुडघ्यांवर बसले, मग तांदळाच्या पोत्यामागे हात घालून चाचपडले. डबा मात्र समोर फळीवर, अगदी नाकासमोर होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथं काय शोधतेस? डबा खाली आहे म्हणजे त्यात तेल नाही. मंगवायला पाहिजे."

आमच्या सासरची माणसं काचीगुड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी. घरात बोलणं मराठीच, पण त्यात आमटीच्या शेजारी सालन वाढलेलं असायचं. कुणी काळजी करत नसे, सगळे 'परेशान' होत. आणि रिकामं झालेलं काहीही 'खाली' असे: डबा, खुर्ची, बस, कधीकधी माणूससुद्धा. मी त्या दिवशी हसले, गुडघे झटकले आणि इथे दोन 'खाली' आहेत एवढी खूणगाठ बांधली. तो धडा तेवढ्यावर संपला असं मला वाटलं होतं. पुढे त्याच शब्दापायी एका माणसाचा जीव पणाला लागला. तेव्हा मी कारखान्यात नवशिकी होते.

मी केमिस्ट्रीची पदवीधर. घरात बसून कंटाळले, तेव्हा शहराबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात नोकरी मिळाली. फुलांचा आणि मसाल्यांचा अर्क काढायचा कारखाना. तुम्ही तिथे नेमकं काय करत होता, असं अजूनही बायका विचारतात, आणि मी त्यांना फोडणीचं उदाहरण देते. गरम तेलात लाल मिरची पडली की तेल तिचा रंग आणि झणका उचलतं. मिरची काढून टाकली तरी तेल लालच राहतं. आमच्याकडे तेलाच्या जागी गॅस होता. गॅसवर दाब दिला की तो पाण्यासारखा पातळ होतो. तो मोगऱ्यावरून फिरवायचा, म्हणजे फुलातला वास तो उचलून घेतो. मग दाब काढून घ्यायचा. गॅस पुन्हा हवेसारखा होऊन निघून जातो आणि भांड्याच्या तळाशी मेणासारखा सुगंधी लगदा उरतो. निघून गेलेला गॅस पकडून, दाबून, पुन्हा टाकीत भरायचा. सांगायला एवढं सोपं आहे.

अवघड होता तो गॅसचा स्वभाव. घरच्या सिलिंडरचा गॅस गळला की वास येतो, पण तो वास गॅसचा नसतो, आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. आम्हाला तसं करता येत नव्हतं, नाहीतर अत्तराला तोच वास लागला असता. त्यामुळे आमचा गॅस गळला तरी नाकाला पत्ता लागत नसे. शिवाय तो हवेहून जड. वर उडून जायचा नाही, जमिनीलगत सरपटत जाऊन खड्ड्यात, गटारात जाऊन बसायचा. तिथे एक ठिणगी पुरे. ठिणगी नसली, तरी खड्ड्यात उतरलेल्या माणसाला श्वासापुरती हवा उरायची नाही.

हे सगळं मला शिकवलं विजयालक्ष्मी गारूंनी. गारू म्हणजे तेलुगूत आपलं 'बाई' किंवा 'साहेब', आदरानं लावायचं. त्या इंजिनियर, कारखान्यातल्या सुरक्षेच्या प्रमुख, नल्लकुंट्याला राहणाऱ्या. बांधा किरकोळ, चष्मा जाड, आवाज असा की कंप्रेसर चालू असतानाही ऐकू यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला गेटवरच थांबवलं आणि पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माझी साडी नायलॉनची होती, लग्नातली, मोरपंखी. त्या म्हणाल्या, "साड़ी बहुत अच्छी है अम्मा. इसको पहनके सिनेमा जाओ. इदर ये घिसके चिंगारी मारती." मग केसांतला गजरा काढायला लावला, कारण त्याला लोखंडी पिन होती. दिवसभर मोगऱ्याच्या राशीत उभं राहायचं आणि केसांत एक फूल माळायचं नाही, हा आमच्या धंद्याचा विनोद मला पहिल्याच दिवशी कळला. सुती पंजाबी ड्रेसवर सुती कोट घालून घरी आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कंपाउंडर झालीस की काय?"

गारूंनी मला बरेच दिवस गॅसला हात लावू दिला नाही. सगळा सराव पाण्यावर. त्याच टाक्या, त्याच नळ्या, तेच व्हॉल्व्ह, आत मात्र साधं पाणी. मला अपमान वाटायचा. पदवी घेऊन आलेली मुलगी आणि हिला पाणी भरायला लावलंय, असं मनात यायचं. गारू ते ओळखून होत्या. म्हणायच्या, "पानी माफ करता. गैस माफ नै करता. जित्ती ग़लती करना है, पानी में करो."

ती चूक मी लौकरच केली. एक दिवस मी तळमजल्यावर व्हॉल्व्हपाशी आणि गारू वरच्या मचाणावर, टाकीच्या काचेपाशी. मी पाणी सोडत होते, त्या पातळी बघत होत्या. त्या वरून म्हणाल्या, "चालु!" मला वाटलं, ठीक चाललंय, चालू ठेव. मी ठेवलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "चालु, चालु!" मी म्हटलं, बाई खूश दिसतात, आणि व्हॉल्व्ह आणखी थोडा उघडला. आवाज चढत गेला तशी मी उत्साहानं उघडत गेले, आणि मग वरच्या झाकणातून पाणी उसळून थेट गारूंच्या अंगावर आलं.

तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. बास. थांबव. उच्चारसुद्धा आपल्यासारखाच, 'चहा'तला च नव्हे, 'चमचा'तला. हिंदीवाल्याचा कदाचित घोटाळा झाला नसता, मराठी कानाचा हमखास होणार. गारू ओल्या साडीनिशी खाली आल्या. मी रडायच्या बेतात. त्यांनी चष्मा पुसला, मला विचारलं की तुमच्यात चालू म्हणजे काय, आणि मी सांगितल्यावर त्या तिथेच पायरीवर बसून हसल्या. हसून झाल्यावर गंभीर झाल्या. म्हणाल्या, "इदर तेलुगू है, उर्दू है, तुम्हारा मराठी है. मशीन का आवाज़ है. ज़बान पे भरोसा नै करना. हाथ से बोलना."

त्या दिवसापासून त्यांनी सगळ्या कारखान्याला हातांची भाषा शिकवली. मूठ वळली म्हणजे व्हॉल्व्ह बंद. तळवा वर म्हणजे हळूहळू उघड. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली, तर ज्यानं पाहिलं त्यानं हातातलं काम टाकून आहे तिथेच थांबायचं. कोण करतंय, का करतंय, हे विचारायचं नाही. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा त्या मधेच फुली करायच्या आणि घास तोंडापाशी नेलेली माणसं तशीच थांबायची. आमचा फिटर मुनीरभाई वैतागायचा. याकुतपुऱ्याहून सायकलवर येणारा हा उंच माणूस, हातानं कसबी, तोंडानं मिस्कील. म्हणायचा, "मॅडम, निवाला तो निगलने दो. बिरयानी में गैस नै है."

याच काळात आलेला एक अत्तरवाला मला अजून आठवतो. जुन्या शहरातला, पिढीजात धंदा, दाढीला मेंदी. भट्टी पेटवून तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, अत्तर काढणाऱ्यांतला तो. आमचा मोगऱ्याचा अर्क त्यानं मनगटाला लावला, हुंगला, कानात फाया ठेवला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "इसमें गैस की बू आरी." ज्या गॅसला बूच नाही म्हणून आम्ही जीव मुठीत धरून वागत होतो, त्याची बू याला आली. मग म्हणाला, भट्टी दाखवा. सगळा कारखाना फिरला आणि विचारलं, "आग किधर है?" गारू म्हणाल्या, "आग नै होना बोलके ही इत्ते लोगां काम करते." तो जाताना मात्र आणखी दोन कुप्या घेऊन गेला.

आता त्या दिवसाचं सांगते. मोगऱ्याचा हंगाम संपला होता आणि कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता. मुख्य टाकीच्या बाजूला एक खोल खड्डा होता, माणसाच्या उंचीहून जास्त, त्यात पंप बसवलेला. पंपाचं एक सील बदलायचं होतं. ते काम मुनीरभाईचं. माझं काम त्याच्याआधी. खड्ड्यात कुणी उतरायचं, तर आधी गॅस मोजायचं यंत्र दोरीला बांधून तळापर्यंत सोडायचं, कारण वरची हवा स्वच्छ असते आणि गॅस तळाशी बसलेला असतो. पाण्यावरचे दिवस संपून मला नुकतंच हे खरं काम मिळालं होतं. गारू मचाणावर उभ्या राहून बघत होत्या. मुनीरभाई खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला, लोखंडी शिडीपाशी, माझ्या शब्दाची वाट बघत. टाकी रिकामी केली आहे, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. हवा खेळती राहावी म्हणून मोठा पंखा लावलेला, त्याची घरघर चालू.

मी दोरी सोडली. निम्म्यापर्यंत काही नाही. तळाला टेकलं आणि यंत्राचा लाल दिवा लागला, शिटी वाजायला लागली. पंख्याच्या आवाजात ती शिटी माझ्यापुरतीच. टाकी रिकामी होती, पण कुठल्यातरी सांध्यातून उरलेला गॅस झिरपून खड्ड्यात साचला होता.

माणूस घाबरला की आईची भाषा बोलतो. मला हिंदी येत होती, इथली दखनी समजू लागली होती, सासूबाईंचा तेलाचा डबाही मी विसरले नव्हते. पण त्या क्षणी यातलं काहीच माझ्याजवळ नव्हतं. गॅस कुठे आहे? खाली आहे. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "मुनीरभाई, गैस खाली है! खाली है!"

मुनीरभाई हसला. मान डोलावली. "हौ मॅडम, शुक्रिया," म्हणाला आणि वळून त्यानं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकला.

त्याचं ते हसू मला आजही दिसतं. मी पुन्हा ओरडले, पुन्हा तेच, "खाली है!" आणि त्यानं मान मागे वळवून माझ्याकडे हसत दुसरा पाय उचलला. जितकं मी ओरडत होते तितकी त्याची खात्री पटत होती. आपण बोलतोय ते त्याच्यापर्यंत पोचतंय आणि पोचतंय ते उलटंच आहे, हे मला कळलं, पण दुसरा शब्द काही केल्या तोंडात येईना. 'नीचे' हा शब्द पहिलीतल्या पोरालाही येतो. मला आला नाही.

हात मात्र वर गेले. मी नेले असं म्हणवत नाही, ते आपोआप गेले. डोक्यावर फुली. मुनीरभाई एक पाय शिडीवर आणि एक पाय हवेत असा जागच्या जागी थांबला. बिर्याणीच्या घासाला वैतागणारा माणूस, पण एवढा पक्का शिकला होता की उचललेला पाय त्यानं खालीही टाकला नाही आणि वरही घेतला नाही. मचाणावरून गारूंनी ती फुली पाहिली आणि मुख्य लाईनची लाल मूठ खेचली. मग खाली आल्या, मुनीरभाईच्या दंडाला धरून त्याला काठावर घेतलं आणि आम्हा सगळ्यांना वाऱ्याच्या उलट दिशेनं गेटबाहेर काढलं. खड्ड्यात बाहेरची हवा सोडून, पुन्हापुन्हा मोजून, तो स्वच्छ व्हायला संध्याकाळ झाली.

झालं काहीच नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच असते आणि ती कुणाला सांगायला गेलं तर ऐकणारा जांभई देतो. पूल बांधणारा पूल दाखवू शकतो. आम्ही काय दाखवणार, न झालेला स्फोट?

गेटबाहेरच्या झाडाखाली चहा आला. मुनीरभाईनं शांतपणे विचारलं, "मॅडम, आप तो खाली है बोले ना? तो मैं बोला, अच्छा हुआ, उतर जातूँ." मी म्हटलं, "आमच्यात खाली म्हणजे नीचे." आता आला तो शब्द. मुनीरभाईनं बशीतला चहा न पिता तसाच जमिनीवर ठेवला. त्याच्या घरी तेव्हा बायको बाळंतीण होती, मुलगी जेमतेम महिन्याची. आम्हा दोघांच्याही मनात तीच होती. मला रडू कोसळलं. मी गारूंना म्हटलं, उद्यापासून मी येत नाही, मला हे जमणार नाही.

गारू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा कप काढून घेतला, माझे दोन्ही हात स्वतःच्या हातात धरले आणि म्हणाल्या, "ज़बान ग़लत बोली. हाथ सई बोले. जिसके हाथ सई बोलते, वो इदर काम करती. कल बस नै चूकना अम्मा." माझ्या आईनंतर माझ्याशी इतकं मऊ कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी काचीगुडा स्टेशनच्या कोपऱ्यावर बसच्या वेळेआधी उभी होते.

त्याच आठवड्यात गेटच्या आत एक पाटी लागली. तेलुगू, उर्दू आणि, खास माझ्यासाठी, मराठी. 'या कारखान्यात खाली हा शब्द बोलायला मनाई आहे.' रंगाऱ्यानं मराठीत दोन चुका केल्या होत्या, त्या मी तशाच राहू दिल्या. बाहेरून आलेली माणसं पाटी वाचून बुचकळ्यात पडायची. गारू त्यांना सांगायच्या की हा शब्द दोनदा खोटा आहे. एकतर दोन भाषांत दोन अर्थ. आणि दुसरं म्हणजे, टाकी कधी रिकामी नसतेच. पातळ गॅस काढून घेतला तरी वाफ मागे राहते, आणि भरलेल्या टाकीला सगळे भितात, रिकामीला कुणी भीत नाही. म्हणून आमच्याकडे 'खाली है' असं कुणी म्हणत नसे. दाब किती, यंत्र काय दाखवतं, तळाशी मोजलं का, एवढंच बोलायचं. मला मात्र कारखानाभर 'खाली मॅडम' हे नाव पडलं ते पडलंच. निवृत्त होईपर्यंत नवी पोरं मला त्याच नावानं ओळखत होती, आणि प्रत्येकाला ही गोष्ट मीच सांगत होते. पाण्यावर सराव करायला लावते म्हणून ती नाकं मुरडत, तेव्हा मला माझी मोरपंखी साडी आठवायची.

एक खंत आहे. इतकी वर्षं मोगऱ्याच्या राशीत काढल्यावर माझ्या नाकाला आता मोगरा कळत नाही. सूनबाई देवासमोर फुलं ठेवते, छान वास सुटलाय म्हणते, आणि मी हो म्हणते. दुसरी खंत गारूंची. त्या निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेल्या आणि तिथेच वारल्या. निघताना मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले होते. खूप काही बोलायचं ठरवून गेले होते, पण सामानाचंच बोलत बसले. काचेपलीकडे गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं आणि डोक्यावर हातांची फुली केली. मी सामानाची रिकामी गाडी घेऊन तिथेच थांबले, आणि त्या काचेपलीकडे हसत राहिल्या. त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आज हे लिहिते आहे ते त्यासाठीच.

मुनीरभाई आहे. ती महिन्याची मुलगी आता शाळेत शिकवते. आम्ही बरकतपुऱ्याला राहायला आलो तेव्हापासून एक स्टीलचा डबा दोन्ही घरांत फिरतो आहे. ईदला तो शीरखुर्मा भरून येतो, दिवाळीला चिवडा आणि करंज्या भरून जातो. दोन्ही घरांत भरून आलेला डबा रिकामा परत पाठवायची पद्धत नाही, त्यामुळे तो डबा मुळात कुणाचा, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.

मुनीरभाईचे गुडघे गेलेत आणि आमचं घर वरच्या मजल्यावर. दिवाळीत तो नातवाच्या स्कूटरवर मागे बसून येतो, फाटकाशी उतरतो आणि गल्लीभर ऐकू जाईल असा पुकारा करतो. त्याला मराठीत एकच वाक्य येतं, "मॅडम, मी खाली आहे!"

मी कठड्यावरून वाकून बघते. असतो खाली, पांढरी टोपी घालून, वर तोंड करून हसत. आणि दरवर्षी, गुडघ्यांचं विसरून, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय टाकतो. मग मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करते. तो जागच्या जागी थांबतो. डबा घेऊन मीच जिना उतरते.